जुना कॅमोफ्लाज गणवेश ओळखायचा कसा आणि त्याचं साल काढायचं कसं

जुना लष्करी कपडा हातात आला की नवख्या संग्राहकाची नजर सगळ्यांत आधी नक्षीवर जाते. काळे पट्टे दिसले की व्हिएतनाम, टोकदार तुकडे दिसले की दुसरं महायुद्ध, असा झटपट निकाल लागतो आणि त्या निकालावर पैसे मोजले जातात. फसगत होते ती इथेच. नक्षी हा सगळ्यांत ढोबळ पुरावा आहे. एकच नक्षी तीस-चाळीस वर्षं छापली जाते, दुसरे देश ती उचलतात, शिकारीचे आणि फॅशनचे कपडे बनवणारे तिची नक्कल करतात. इटलीने १९२९ साली तंबूच्या कापडासाठी आणलेली तीन रंगांची नक्षी महायुद्ध संपून कित्येक दशकं उलटली तरी तिथल्या सैन्यात वापरात होती. नुसत्या नक्षीवरून साल सांगणारा माणूस साल सांगत नसतो, अंदाज सांगत असतो.

प्रत्येक गणवेशात चार वेगवेगळ्या तारखा असतात. नक्षी कधी तयार झाली, कपड्याचा कट कधी ठरला, कापड, दोरा, चेन, बटणं हे सामान कोणत्या काळातलं आहे, आणि हातातला हा नग नेमका कधी शिवला गेला. या चारही तारखा वेगळ्या असू शकतात, आणि संग्राहकाच्या कामाची शेवटची. ती काढायचा नियम सोपा आहे: कपडा त्याच्यावरच्या सगळ्यांत नव्या मूळ भागापेक्षा जुना असू शकत नाही. नक्षी १९४८ ची, कट १९६० च्या दशकातला आणि लेबल १९८० चं असेल, तर कपडा १९८० चा. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा एकच नियम लावण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: कपडा उलटा करा

खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या चादरीवर कपडा पसरा. पिवळ्या दिव्याखाली हिरवा आणि तपकिरी यांतला फरक कळत नाही, आणि कितीतरी नक्ष्यांची ओळख याच फरकावर उभी आहे. जवळ दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च आणि वही ठेवा. मोबाइलवर फोटो काढत चला, पण वहीत लिहिणं सोडू नका. लिहिताना जे दिसतं ते फोटो काढताना निसटतं.

मग कपडा उलटा करून आतून बघायला सुरुवात करा. आतल्या बाजूला ऊन कमी लागतं, त्यामुळे मूळ रंग, शिक्के, शिवणीचे काठ तिथे टिकलेले असतात. शिवाय कपडा जुना भासवण्याची मेहनत बहुतेक वेळा बाहेरून केलेली असते. खिशांच्या आत, काखेत, कॉलरच्या घडीत आणि कमरेच्या पट्टीमागे नक्की बघा.

दुसरी पायरी: लेबल आणि शिक्के

इथे घाई करू नका. चांगलं लेबल मिळालं तर बाकीच्या पायऱ्या फक्त खातरजमा करायला उरतात.

अमेरिकी लेबलांपासून सुरुवात करणं सोयीचं, कारण त्यांची पद्धत ठरीव आहे आणि ती एकदा कळली की शेकडो कपडे वाचता येतात. लेबलवर कंत्राट क्रमांक असतो. व्हिएतनामच्या काळात तो ‘डीएसए १००-६८-सी-’ अशा साच्यात येतो आणि त्यापुढे आणखी आकडे असतात. डीएसए म्हणजे डिफेन्स सप्लाय एजन्सी. मधला ६८ हा आकडा कंत्राट दिल्याचं आर्थिक वर्ष, म्हणजे १९६८. या एजन्सीचं काम १९६२ मध्ये सुरू झालं आणि जानेवारी १९७७ मध्ये तिचं नाव डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी झालं. त्यानंतरच्या लेबलांवर ‘डीएलए’ येतं. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ‘एसपीओ’ ही अक्षरं दिसू लागतात. डीएसएच्या आधीच्या कपड्यांवर क्वार्टरमास्टर कोअर या सैन्याच्या पुरवठा विभागाची ‘क्यूएम’ ही खूण असते. कंत्राटाचे पुढचे आकडे पुसले गेले असले तरी नुसत्या या अक्षरांवरून काळाचा टप्पा हाती लागतो.

मात्र हे साल कंत्राटाचं आहे, शिवण्याचं नव्हे. अमेरिकेचं आर्थिक वर्ष १९७६ पर्यंत १ जुलैला सुरू होत असे, त्यानंतर ते १ ऑक्टोबरला सुरू होऊ लागलं. म्हणजे ६८ असा आकडा असलेलं कंत्राट प्रत्यक्षात १९६७ च्या उत्तरार्धात दिलेलं असू शकतं, माल १९६८ मध्ये कधीतरी पोहोचलेला असू शकतो आणि सैनिकाच्या अंगावर तो आणखी वर्षा-दोन वर्षांनी चढलेला असू शकतो. वहीत ‘१९६८’ न लिहिता ‘१९६८ चं कंत्राट’ असं लिहायची सवय लावा.

दुसरा आकडा साठा क्रमांकाचा, म्हणजे सरकारी पुरवठ्यात त्या वस्तूला दिलेल्या क्रमांकाचा. १९७४ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत अमेरिकेत अकरा आकडी क्रमांक होता: आधी चार, मग तीन, मग चार. त्यानंतर तो तेरा आकडी झाला. पहिल्या चार आकड्यांनंतर देशाचे दोन आकडे घातले गेले. सुरुवातीचे ८४१५ किंवा ८४०५ हे आकडे कपड्यांच्या वर्गाचे. म्हणजे लेबलवर ‘८४१५-०१-’ अशी सुरुवात दिसली तर तो कपडा व्हिएतनामच्या जंगलात गेलेला नाही, कारण अमेरिकी लढाऊ तुकड्या तिथून १९७३ मध्येच परतल्या होत्या. विकणाऱ्याने कितीही रंगवून गोष्ट सांगितली तरी या दोन आकड्यांपुढे ती टिकत नाही.

देशाचे हे दोन आकडे पाठ करून ठेवा, कारण ते नाटोच्या सगळ्या देशांना लागू आहेत. ०० आणि ०१ अमेरिका, १२ जर्मनी, १३ बेल्जियम, १४ फ्रान्स, १५ इटली, १७ नेदरलँड्स, २१ कॅनडा, ९९ ब्रिटन. नाटोबाहेरचे देशही ही पद्धत वापरतात, ६६ ऑस्ट्रेलियाचा. अमेरिकेची वुडलँड, म्हणजे चार रंगांच्या पानांसारख्या मोठ्या डागांची नक्षी, जगभरातल्या इतक्या सैन्यांनी घेतली की नक्षीवरून देश सांगता येत नाही; हे दोन आकडे मात्र सांगतात.

ब्रिटिश कपड्यांवर वर टोक असलेला रुंद बाण असतो, ती सरकारी मालमत्तेची जुनी खूण. राष्ट्रकुलातल्या देशांनी तिच्यात आपापली अक्षरं मिळवली: कॅनडाने ‘सी’ अक्षराच्या आत बाण ठेवला, ऑस्ट्रेलियाने दोन ‘डी’ अक्षरांच्या मध्ये, दक्षिण आफ्रिकेने ‘यू’च्या आत. बेल्जियमच्या कपड्यांत ‘एबीएल’ आणि बहुधा साल असा शाईचा शिक्का सापडतो. सोव्हिएत कपड्यांच्या आत माप, उंची, कारखाना आणि बऱ्याचदा साल यांचे शिक्के असतात. ते काखेपाशी किंवा खिशाच्या कापडावर शोधा. महायुद्धातल्या जर्मन कपड्यांवर आधी कारखान्याचं नाव आणि साल असे, पण युद्धाच्या उत्तरार्धात त्याजागी ‘आरबी’ने सुरू होणारा सांकेतिक क्रमांक आला. त्यामुळे एखाद्या जर्मन कपड्यावर आरबी क्रमांक आणि शेजारी १९३८ असं साल असेल, तर तो कपडा तिथेच बाजूला ठेवा.

आता लेबल खरं आहे का, ते पाहा. भिंग लेबलच्या काठावर धरा. लेबल शिवलेला दोरा कपड्याच्या बाकीच्या दोऱ्याशी जुळतो का? काठाबाहेर सुईची जुनी, रिकामी भोकं दिसतात का? तशी भोकं असतील तर तिथे आधी दुसरं लेबल होतं. लेबलाची कड थोडी उचलून खालचं कापड बघा. अस्सल लेबलाखाली रंग गडद राहिलेला असतो आणि त्या गडद चौकोनाची कड लेबलाच्या कडेशी बरोबर जुळते. शेवटी दोघांचं वय ताडून पाहा. कोपरावर कापड विरलंय, कॉलर फाटलीय, आणि लेबलवरची शाई मात्र काल छापल्यासारखी काळी कुळकुळीत, हे क्वचितच खरं असतं. धुलाईने आधी लेबल जातं, मग कपडा.

तिसरी पायरी: कट

लेबल गेलंच असेल तर कट बोलतो. कट म्हणजे खिशांची जागा आणि तिरकेपणा, खांद्यावरच्या पट्ट्या, बटणं उघडी की झाकलेली, मनगटाची पट्टी, कमर घट्ट करायच्या पट्ट्या. सैन्यं नक्षीपेक्षा कट लवकर बदलतात, कारण सैनिकांच्या तक्रारी कटाबद्दल असतात.

अमेरिकेचं उष्ण हवेतलं जंगल जॅकेट हे याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात आलेल्या पहिल्या प्रकारात खिशांची बटणं उघडी होती आणि खांद्यावर पट्ट्या होत्या. उघडी बटणं झुडपांत अडकत, म्हणून दुसऱ्या प्रकारात ती झाकली गेली. तिसऱ्या प्रकारात खांद्याच्या पट्ट्याही गेल्या. छातीवरचे खिसे तिन्ही प्रकारांत तिरके, कारण वरून पट्टे आणि सामान घातलेलं असताना हात तिरकाच आत जातो. कॅमोफ्लाज कापडातलं जंगल जॅकेट साधारण या तिसऱ्या कटाचं असतं. कोणी खांद्याच्या पट्ट्या आणि उघडी बटणं असलेलं कॅमोफ्लाज जॅकेट ‘सरकारी’ म्हणून दाखवलं, तर शंका घ्या.

१९८१ च्या बीडीयू (बॅटल ड्रेस युनिफॉर्म) या अमेरिकी गणवेशात खिसे सरळ झाले, कोपरांवर दुहेरी कापड आलं. सुरुवातीच्या बीडीयूची कॉलर मोठी आणि टोकदार असते आणि कमरेला दोन्ही बाजूंनी ओढून घट्ट करायच्या पट्ट्या असतात; पुढे कॉलर लहान झाली आणि पट्ट्या गेल्या. ब्रिटिश कपड्यांत १९९५ च्या मालिकेत पदाची खूण खांद्यावरून छातीच्या मध्यावर आली, आणि तेवढ्या एका पट्टीवरून ते लांबूनही ओळखू येतात.

चौथी पायरी: कापड, दोरा, चेन, बटण

महायुद्धातला बहुतेक माल सुती. अमेरिकी कपडे हेरिंगबोन ट्विलचे. त्याची वीण माशाच्या काट्यासारखी दिसते आणि बोटाला तिच्या उभ्या रांगा जाणवतात. व्हिएतनामच्या काळात हलकं पॉपलिन आलं, आणि साधारण १९६७-६८ पासून रिपस्टॉप, म्हणजे ज्यात जाड धाग्यांची बारीक चौकट असते ते कापड. ही चौकट नुसत्या डोळ्यांनी दिसते, उजेडासमोर धरलं की आणखी स्पष्ट. बीडीयूचं साधं कापड निम्मं नायलॉन, निम्मं सूत. ते जास्त दाट आणि थोडं चकचकीत लागतं.

दोऱ्याने भल्याभल्यांची लबाडी उघडी पाडली आहे. पॉलिस्टरचा शोध ब्रिटनमध्ये १९४१ साली लागला, पण बाजारात ते १९५० च्या दशकात आलं. महायुद्धातल्या कपड्याच्या मूळ शिवणीत पॉलिस्टर असूच शकत नाही. आधीच सुटलेला दोऱ्याचा तुकडा मिळाला तर चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. कपड्यातून दोरा उपसून हे करू नका, कपडा आपल्या मालकीचा असला तरीही.

अतिनील टॉर्चची चाचणी बरीच लोकप्रिय आहे आणि तितकीच चुकीच्या पद्धतीने वापरली जाते. अंधारात टॉर्च मारल्यावर आधुनिक दोरा आणि कापड निळसर पांढरं चमकतं, कारण त्यांत चमक आणणारी रसायनं असतात; ती महायुद्धानंतर सर्रास झाली. पण हीच रसायनं आजच्या धुण्याच्या पावडरीतही असतात. अस्सल १९४४ चा कपडा कोणी गेल्या वर्षी धुतला असेल तर तोही चमकेल. म्हणून पूर्ण कपडा मंद चमकत असेल तर त्यावरून काहीच ठरवू नका. कपडा अंधारा आणि एकटा दोरा किंवा एकटं लेबल लखलखीत असेल, तर ती जागा भिंगाखाली घ्या.

चेनच्या सरकपट्टीवरचं नाव वाचा. टॅलन, क्राउन, कॉनमार ही जुन्या अमेरिकी कपड्यांवर दिसणारी नावं. लाइटनिंग ब्रिटिश कपड्यांवर. वायकेके ही जपानी कंपनी अमेरिकेत १९६० मध्ये आली, त्यामुळे त्याआधीच्या म्हणवल्या जाणाऱ्या अमेरिकी कपड्यावर ती चेन असेल तर एकतर चेन बदललेली आहे किंवा साल खोटं आहे. कोणतं, ते सुईच्या भोकांवरून कळतं: बदललेल्या चेनच्या शेजारी जुन्या टिपेची रिकामी रांग दिसते. चिकटणारी वेल्क्रो पट्टी १९५५ मध्ये पेटंट झाली. महायुद्धातल्या कपड्यावर तिला जागाच नाही. बादली, इस्त्री, त्रिकोण अशी धुलाईची चिन्हंही युद्धानंतरची. अमेरिकी भूदलाच्या ट्विल कपड्यांची धातूची बटणं तेरा ताऱ्यांची असतात. मरीनच्या ट्विल कपड्यांच्या बटणांवर त्यांच्या दलाचं नाव असतं.

पाचवी पायरी: आता नक्षी

नक्ष्या सुट्या सुट्या पाठ करण्यापेक्षा घराण्यांनी ओळखायला शिका.

जर्मनीची तुकड्यांची नक्षी १९३१ ची, तंबूच्या कापडासाठी बनलेली: टोकदार तुकडे आणि त्यांवर पावसासारख्या बारीक उभ्या रेघा. पश्चिम जर्मनीच्या नव्या सैन्याने १९५० च्या दशकात तिचीच आवृत्ती काही काळ वापरली, आणि ते कपडे महायुद्धातले म्हणून आजही विकले जातात. रेघांचंच वेगळं घराणं पूर्व युरोपात वाढलं. पूर्व जर्मनीची नक्षी १९६५ पासून १९९० पर्यंत: करड्या-हिरव्या कापडावर तपकिरी तुटक रेघा, बाकी काही नाही. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाच्या रेघा त्याआधीच्या आणि वेगळ्या ठेवणीच्या. चेक रेघा दाट आणि सुईसारख्या. तिन्ही एकदा शेजारी ठेवून पाहिल्या की पुन्हा गोंधळ होत नाही.

ब्रिटनचं घराणं फराट्यांचं. १९४१-४२ च्या सुमारास हवाई सैनिकांसाठी आलेल्या डेनिसन स्मॉकवर (स्मॉक म्हणजे वरून घालायचा सैल अंगरखा) ब्रशचे रुंद फराटे दिसतात. फराट्याच्या टोकाला ब्रशचे केस वेगळे झाल्याच्या बारीक रेषा असतात आणि तोच धागा १९६० च्या डीपीएम (डिसरप्टिव्ह पॅटर्न मटेरियल) नक्षीत दिसतो. ती पुढे १९६८, १९८४ आणि १९९५ च्या कटांतून चालत राहिली, म्हणून ब्रिटिश कपड्यात कट आणि लेबल बघितल्याशिवाय गत्यंतर नाही.

फ्रान्सच्या पॅराशूट सैनिकांची लिझार्ड नक्षी इंडोचीन आणि अल्जीरियाच्या युद्धांतली. तिचे आडवे हिरवे आणि तपकिरी पट्टे एकमेकांवर छापलेले असतात. तिच्यापासून दक्षिण व्हिएतनाममध्ये टायगर स्ट्राइप तयार झाली; तिचे काळे पट्टे बाकीच्या रंगांत गुंतलेले असतात. टायगर स्ट्राइप अमेरिकेच्या नेहमीच्या पुरवठ्यातून आलेली नव्हती. स्थानिक शिंप्यांनी, पुढे शेजारच्या देशांतही ती शिवली, म्हणून तिच्यावर अमेरिकी कंत्राट क्रमांक नसतो. फार तर मापाची छोटी चिठ्ठी असते. लेबलाचा पुरावा नाही आणि मागणी प्रचंड, त्यामुळे याच नक्षीत सगळ्यांत जास्त बनावट माल आहे. पहिली काही वर्षं तिच्या वाटेला जाऊ नका, हा माझा आग्रहाचा सल्ला.

अमेरिकेची १९४२ ची बेडकाच्या कातडीची नक्षी पॅसिफिकमधल्या मरीन सैनिकांमुळे प्रसिद्ध झाली. ती गिलेस्पी नावाच्या बागकाम-तज्ज्ञाने तयार केली होती. कापड एकच, दोन्ही बाजूंनी छापलेलं: एका बाजूला हिरवे रंग, दुसऱ्या बाजूला किनाऱ्याचे तपकिरी. नॉर्मंडीत १९४४ मध्ये अमेरिकी चिलखती तुकडीच्या काही सैनिकांना ती दिली, पण आपलेच लोक त्यांना जर्मन समजू लागले आणि तिथला वापर आटोपता घेतला गेला. म्हणून ‘युरोपातली’ म्हणून आलेली अशी जॅकेटं तपासताना जास्त सावध राहा.

वाळवंटी कपड्यांत सहा रंगांची, काळे-पांढरे खडे दिसणारी नक्षी १९९१ च्या आखाती युद्धाची ओळख आहे. त्यानंतर तिच्याजागी तीन रंगांची आली. मरीनच्या २००२ च्या सुमाराच्या चौकोनी ठिपक्यांच्या नक्षीत त्यांचं छोटंसं बोधचिन्ह छपाईतच लपवलेलं आहे. ते सापडलं नाही तर कपडा बाजारू.

सहावी पायरी: छपाई जवळून

मोजपट्टी घ्या आणि एक ठळक आकार निवडा. तोच आकार कापडावर पुन्हा कुठे येतो ते शोधून अंतर मोजा. हे अंतर छपाईच्या रुळावर किंवा चौकटीवर ठरतं आणि अस्सल मालात ठरावीक असतं. नक्कल करणारे सहसा फोटोवरून नक्षी उचलतात, त्यामुळे आकार थोडे लहान-मोठे होतात किंवा नको इतक्या लवकर पुन्हा येतात.

मग भिंग लावा. जुन्या छपाईत प्रत्येक रंग वेगळा चढवलेला असतो. दोन रंगांच्या सीमेवर कुठे बारीक पांढरट फट राहते, कुठे एक रंग दुसऱ्यावर चढून तिसरीच गडद कड बनते, आणि रंग धाग्यात मुरलेला दिसतो. आजच्या डिजिटल छपाईत बारीक ठिपक्यांची जाळी दिसते आणि रंग वरच्या वर बसलेला असतो. कपडा उलटवून पाठ बघितली की हा फरक जास्त कळतो.

एक जॅकेट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, समोर चार रंगांचं पानांसारख्या डागांचं जॅकेट आहे आणि ते १९६८ चं म्हणून दाखवलं जातंय. डाग लहान आणि दाट आहेत. वुडलँड नक्षी हीच, पण साठ टक्क्यांनी मोठी केलेली. म्हणजे ही तिची आई, ईआरडीएल. व्हर्जिनियातल्या फोर्ट बेल्व्हॉरच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेत (तिच्याच आद्याक्षरांवरून हे नाव) ती १९४८ मध्ये तयार झाली आणि व्हिएतनाममध्ये साधारण १९६७ पासून वापरात आली. इथवर दावा टिकतो. कापड रिपस्टॉप, हेही चालतं.

पण छातीवरचे खिसे सरळ आहेत. १९६८ च्या जंगल जॅकेटचे खिसे तिरके असायला हवेत. आत लेबलवर कंत्राटाची सुरुवात डीएलए अशी, पुढे ८० हा आकडा, आणि साठा क्रमांक तेरा आकडी. म्हणजे नक्षी १९४८ ची, कापड १९६० च्या दशकाच्या धाटणीचं, पण कट आणि लेबल दोन्ही १९८० च्या आसपासचे. हे जॅकेट व्हिएतनाम आणि वुडलँड यांच्या मधल्या छोट्या टप्प्यातलं आहे. ते अस्सल आहे, नीट जपावं असं आहे, फक्त सांगितलं गेलं तसं नाही. बाजारात असे कपडे बनावटीपेक्षा जास्त भेटतात: खरा कपडा, खोटी गोष्ट.

बिल्ले, नावाच्या पट्ट्या आणि जुनेपणा

बिल्ल्यामुळे कपड्याचं मोल वाढतं, म्हणून बिल्ले नंतर शिवले जातात. बिल्ल्याची कड उचलून खालचा रंग बघा. वर्षानुवर्षं बसलेल्या बिल्ल्याखाली कापड गडद राहतं. फिकट कापडावर फिकट पडलेला बिल्ला, पण खालचं कापडही तितकंच फिकट, याचा अर्थ तो अलीकडे आलाय. उलट, बिल्ला नाही पण त्याच्या आकाराचा गडद डाग आणि टिपेची भोकं आहेत, तर तो डाग मोजून वहीत लिहा. त्यावरून तुकडी शोधता येते.

खरी झीज कपडा वापरणाऱ्या शरीराच्या हालचालींप्रमाणे होते: कॉलरची घडी, मनगटाची कड, उजवा कोपर, खिशाच्या झाकणाचं टोक, कमरेचा पट्टा घासतो ती आडवी रेघ. रसायनाने किंवा दगडाने केलेली झीज सगळीकडे सारखी पसरते, आणि जिथे हात कधी घासत नाही तिथेही कापड विरलेलं दिसतं.

सुरुवात कशाने करावी

जे मुबलक आहे आणि ज्यावर साल छापलेलं आहे, त्याने. स्वित्झर्लंडचे लालसर डागांचे १९५७ च्या धाटणीचे कपडे, पूर्व जर्मनीचे रेघांचे, ब्रिटनचे १९८० च्या दशकातले, अमेरिकेचे बीडीयू. यांची नक्कल करून कोणाला फारसा फायदा नाही, त्यामुळे हात अस्सल मालावर तयार होतो. अस्सल शिवण, अस्सल शाई, अस्सल झीज बोटांना ओळखीची झाली की बनावट कपडा हातात येताच खटकतो. महायुद्धातल्या नाझींच्या एसएस दलाच्या स्मॉकपासून लांबच राहा. त्यांच्या नकला कित्येक दशकांपासून बनत आल्या आहेत आणि जुन्या नकलाही आता जुन्या दिसतात. शिवाय जर्मनीत नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवणं दंडसंहितेच्या ८६अ कलमाखाली गुन्हा आहे. बार्बाडोस, जमैका, सेंट लुशिया अशा देशांत तर सामान्य नागरिकाने कुठलाही कॅमोफ्लाज कपडा घालायला बंदी आहे. प्रवासाच्या बॅगेत एखादा नग ठेवण्याआधी हे तपासा.

जपणुकीत पहिली गोष्ट म्हणजे धुवायचं नाही. धुलाईत शिक्के जातात, आणि शिक्के गेले की पुरावा गेला. मऊ ब्रशने धूळ झाडा, घड्यांमध्ये आम्लविरहित कागद घाला, ऊन आणि ओल दोन्हींपासून लांब ठेवा. लोखंडी टाचण्या आणि पिना काढून टाका. त्यांचा गंज कापड खातो.

प्रत्येक नगासाठी एक कार्ड करा. त्यावर लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा, न वाचता येणाऱ्या अक्षरांच्या जागी टिंबं, खिशांची रचना, चेनचं नाव, नक्षी किती अंतरावर पुन्हा येते ते, आणि विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट वेगळ्या ओळीत लिहा. साल लिहिताना ते कोणत्या पुराव्यावरून काढलं तेही शेजारी नोंदवा: ‘लेबलवरून’, ‘कटावरून’, ‘नक्षीवरून’. ज्या कार्डावर फक्त ‘नक्षीवरून’ असेल, तिथे सालापुढे प्रश्नचिन्ह घाला.